आमची वाटचाल : पंख्याच्या पात्यापासून कॉम्प्रेसरच्या पात्यापर्यंत

आमच्या वर्कशॉपची सुरुवात औद्योगिक पंख्यांच्या पात्यांपासून झाली. तिथे प्रोफाइल अर्धा मिलीमीटर इकडेतिकडे झाले तरी काम भागते. वेगवान ॲक्शियल कॉम्प्रेसरची (हवा अक्षाच्या दिशेने आत ओढून दाबणाऱ्या यंत्राची) पाती घ्यायची ठरवली, तेव्हा आधी हवेचा हिशेब शिकावा लागला.

टोकाचा व्यास 500 मिमी आणि मिनिटाला 15,000 फेरे धरा. टोक सेकंदाला सुमारे 393 मीटर धावते. हवा अक्षाच्या दिशेने 180 मीटरने आत येत असेल, तर पात्याच्या टोकाला ती 432 मीटरने, म्हणजे ध्वनीच्या सुमारे 1.3 पट वेगाने, अक्षाशी 65 अंशांत भिडते. आत येणारा वेग 160 वर उतरला की हाच कोन 68 च्या घरात जातो. जेमतेम अडीच अंश! पंख्याला ते पचतात. इथे शॉक (ध्वनीपेक्षा वेगवान हवेत उभी राहणारी दाबाची लाट) पुढे सरकतो, त्याच्यामागे पात्यालगतचा हवेचा थर सुटतो, पाते स्टॉल होते (हवा नीट वळवेनासे होते) आणि मशीन सर्जकडे, म्हणजे हवा उलटी फिरण्याकडे, झुकते. तेव्हाच्या कॉम्प्रेसरची पाती स्टॉलमध्येच फिरतात, त्यांना विमानाच्या पंखासारखा आकार द्या, हे ब्रिटिश अभियंते ए. ए. ग्रिफिथ यांनी 1926 मध्येच मांडले होते.

म्हणून आमचा सर्वाधिक वेळ लीडिंग एजवर, म्हणजे हवेला आधी भिडणाऱ्या कडेवर, जातो. टोकाजवळ तिची त्रिज्या 0.2 मिमीच्या आसपास. फाइव्ह-ॲक्सिस मशीनवरून (पाच अक्षांत फिरून कापणाऱ्या) जॉब नीट उतरतो आणि बफिंगमध्ये (चाकावर चकाकी देताना) बिघडतो, कारण चाक आधी कडेलाच लागते आणि तिला चपटी करते. चपट्या कडेपुढे शॉक लांब उभा राहतो आणि दाब वाया जातो. पाते आरशासारखे चकाकत असते, म्हणून चूक लवकर कळतही नाही. आता कडेला चाक लावत नाही. बारीक एमरीने, कडेच्या लांबीने, हाताने. मोजणीतही फसगत होते: 1 मिमी गोळीचा प्रोब (स्पर्शाने मोजणारी सुई) इतक्या बारीक कडेवर गोलाई चुकीची दाखवू शकतो. कडेसाठी ऑप्टिकल स्कॅनच बरा.

टायटॅनियमचे पातळ पाते कटरखाली लवते. फिनिशिंगला 0.3 मिमी माल ठेवून टोकाकडून मुळाकडे, दोन्ही बाजू आलटूनपालटून थरांनी कापायच्या. क्लॅम्प सोडला की आतला ताण मोकळा होऊन पीळ बदलतो, त्यामुळे कोन फिक्स्चरमधून काढल्यावरच तपासायचा. ड्रॉइंगवरचा पीळ थोडा जास्त दिसला तर 'दुरुस्त' करू नये. फिरताना केंद्रोत्सारी ओढीने पाते किंचित उलगडते, आणि डिझायनरने तेवढा पीळ आधीच धरलेला असतो.