हरणांनी ओरबाडलेली झुडपं

न्यू जर्सीत घर घेतलं तेव्हा परसात हरणं येतात याचं कोण कौतुक! घरच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकून टाकून सगळ्यांना कंटाळा आणला. मग एका फेब्रुवारीत बर्फ वितळला आणि कौतुकही वितळलं. हायड्रेंजिया आणि अझेलिया ही माझी फुलझुडपं: पहिल्याच्या नुसत्या काड्या उरल्या होत्या, दुसरी बोडकी, आणि कुंपणालगतचे आर्बरविटे (आपल्या मोरपंखीचे भाऊबंद) छातीइतक्या उंचीपर्यंत सोललेले.

आधी सशांवर संशय घेतला. पण सशाने खाल्लेली काडी सुरीने तिरकी कापल्यासारखी दिसते. इथे टोकांच्या चिंध्या झाल्या होत्या. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, त्यामुळे ते फांदी धरून हिसडा मारतं.

आई फोनवर म्हणाली, "अगं, छाटून टाक, जास्वंदीसारखं फुटेल." मी कात्री घेऊन दोन हायड्रेंजिया जमिनीबरोबर केले आणि तिथेच चुकले. निळ्या फुलांची, मोठ्या पानांची ही जात आदल्या वर्षीच्या जुन्या काडीवर फुलते. हरणांनी सोडलेले खालचे डोळे (नवी फूट जिथून येते ते कोंब) मीच उडवले होते.

तिसऱ्याला हात लावण्याआधी नखाने साल खरवडून पाहिली. खाली ओला हिरवा रंग दिसला म्हणजे काडी जिवंत, तपकिरी कोरडं असलं म्हणजे गेली. मग फक्त फाटकी टोकं, जिवंत डोळ्याच्या जरा वर, साफ कापली. अझेलियाच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच धरलेल्या असतात, त्या वर्षीची फुलं गेलीच. पण मे महिन्यात उघड्या लाकडावर लाल-हिरवे ठिपके दिसायला लागले. रोज चहाचा कप घेऊन तेच बघत उभी राहायचे.

खत मुद्दाम दिलं नाही. खताने येणारे लुसलुशीत कोंब म्हणजे हरणांना मेजवानीचं आमंत्रणच! थोडं कंपोस्ट, पाऊस नसला तर आठवड्याला भरपूर पाणी, बुंध्याला न टेकवता दोन-तीन इंच लाकडाचा भुसा, बस. खरी भीती कोवळी पालवी दुसऱ्यांदा खाल्ली जाण्याची. आठ फुटी कुंपण खिशाला परवडेना, म्हणून प्रत्येक झुडपाभोवती तारेच्या जाळीचं गोल कडं केलं. कुजक्या अंड्याच्या वासाचा फवाराही आणला. मोठा पाऊस झाला की पुन्हा मारायचा. नवरा म्हणाला, हरणं येवोत न येवोत, पाहुणे नक्की यायचे बंद होतील.

जुलैत न छाटलेल्या हायड्रेंजियाला चार गुच्छ आले. छाटलेल्या दोघांना नुसती पानं, तीही मस्त हिरवीगार, जणू मला वेडावायला. आर्बरविटे मात्र खालून भुंडेच राहिले. हिरवी टोकं गेलेल्या जुन्या लाकडातून त्यांना पालवी फुटत नाही. दिवाळीत त्या बुंध्यांना दिव्यांच्या माळा गुंडाळल्या. बाकीच्या झुडपांभोवतीची जाळी तेवढी नोव्हेंबरात अजून फूटभर उंच केली.