सिस्टरांची सुई

धर्मपुरीला पालखी सोलापूर जिल्ह्यात येते. तिथेच मी दिंडीत शिरलो आणि नातेपुत्याला पोहोचेपर्यंत डाव्या टाचेला सुपारीएवढा फोड आला. चूक माझीच, वारीसाठी म्हणून नव्या चपला घेतल्या होत्या. दिंडीतल्या माढ्याकडच्या आजींनी पिशवीतून सुई-दोरा काढला. फोडातून दोरा आरपार ओवायचा आणि आतच ठेवायचा, पाणी आपोआप झिरपतं, हा त्यांचा उपाय. पाय पुढे केला तेवढ्यात मागून आवाज आला, "आजी, दोरा नको. त्याच दोऱ्यानं घाण आत जाते."

फिकट निळी साडी, गळ्यात छोटा क्रूस, हातात औषधांचा डबा. बघताक्षणी ओळखलं, या आमच्यातल्या. कॅथलिक सिस्टर, म्हणजे व्रत घेतलेल्या धर्मभगिनी. जिल्ह्यातल्याच एका लहान दवाखान्यात नर्स आहेत, दिंड्यांबरोबर चालणाऱ्या वैद्यकीय पथकात आल्या होत्या. त्यांनी आधी पाय साबणाने धुतला. मग निर्जंतुक सुईने फोडाला कडेला दोन भोकं पाडली, कापसाने हलकेच दाबून पाणी काढलं, वरची कातडी तशीच राहू दिली आणि औषध लावून पट्टी बांधली. "ही कातडी म्हणजे फुकटची पट्टी. ओढून काढू नका."

येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून आमच्याकडे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, पवित्र गुरुवारी, मिस्सात म्हणजे चर्चमधल्या उपासनेत फादर बारा जणांचे पाय धुतात. त्या बारांत नाव आलं की आम्ही घरूनच पाय घासूनपुसून जातो, नखंसुद्धा कापतो. नातेपुत्याला पथकाच्या तंबूत रांगेत बसलेले पाय मात्र खरोखर धुण्यासारखे होते.

मी सोलापूरचा कॅथलिक. आजोबा नगर जिल्ह्यातून जुन्या मिलमध्ये कामाला आले आणि इथलेच झाले. वारीत 'ख्रिश्चन' म्हटलं की लोक लगेच विचारतात, वसईचे का गोव्याचे? दिंडीतल्या एका निवृत्त गुरुजींची माहिती मात्र त्याच्या पुढची होती. २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाला अध्यक्ष म्हणून आलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्यांना ठाऊक होते, आणि १६१६ साली फादर स्टीफन्सनी ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत रचून छापली हेही. मी त्यांना पुण्यात राहिलेल्या, जेझुइट या कॅथलिक संघातल्या फ्रेंच फादर गी डेल्युरींबद्दल सांगितलं. विठ्ठलभक्तीवरचं त्यांचं संशोधन १९६० मध्ये प्रसिद्ध झालं, तुकोबा त्यांनी फ्रेंचमध्ये नेले. गुरुजी म्हणाले, "म्हणजे तुम्ही काही पहिले नाही." बरं वाटलं आणि थोडा हिरमोडही झाला.

खुडूसच्या रिंगणाबद्दल फार लिहीत नाही. अश्व धावला, त्याच्या टापांखालची माती लोकांनी कपाळाला लावली, मीही लावली. त्यापेक्षा भंडीशेगावची रात्र लिहायची आहे.

हरिपाठ झाला होता, भाकरी-आमटी पोटात होती. आजी सिस्टरांजवळ सरकून बसल्या.

"पोरी, लगीन?"

"नाही आजी. आमच्यात तीन व्रतं असतात. ब्रह्मचर्य, दारिद्र्य आणि आज्ञापालन. सुरुवातीला थोड्या वर्षांपुरती घेतो, मग जन्माची."

"आन् पगार?"

"मठात जमा होतो. सगळ्यांचा एकत्र. मला लागेल तेवढं मदर देतात."

आजी हसल्या. "मग तुझी-माझी गत एकच की गं. माझ्या दुधाचं पैसं बी मालकाच्याच हातात."

सिस्टर इतक्या हसल्या की डब्यातली कात्री खाली पडली. मग गुरुजींनी विचारलं, फादरांचंही असंच का? नाही. धर्मप्रांतातले फादर ब्रह्मचर्याचं आणि बिशपांच्या आज्ञेत राहण्याचं वचन देतात, दारिद्र्याचं व्रत घेत नाहीत. जेझुइटांसारख्या संघातले घेतात. हे मी सांगितलं, आणि जरा जास्तच तपशिलात सांगितलं. सिस्टरांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "सेमिनरीत होता का?"

होतो. सेमिनरी म्हणजे फादर होण्याचं शिक्षण देणारी संस्था. पुण्यात रामवाडीला. श्रीलंकेतल्या कँडीहून १९५५ मध्ये पुण्यात आलेली पेपल सेमिनरी तिथेच आहे. तत्त्वज्ञान पूर्ण केलं आणि ईशज्ञान, म्हणजे थिऑलॉजी, सुरू व्हायच्या आधी घरी परतलो. कुणी काढलं नाही, भांडण नाही, भानगड नाही. एका पहाटे प्रार्थनेला बसलो असताना कळलं की मी आईच्या नवसासाठी इथे आहे. आईने मी फादर होईन त्या गुरुदीक्षेच्या दिवशी नेसायची साडीसुद्धा घेऊन ठेवली होती. पुढे ती माझ्या लग्नात नेसली. आता सोलापुरात शिकवण्या घेतो, दोन मुली आहेत. तरी आमच्या लोकांत 'परत आलेला' हा शिक्का पुसत नाही. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने पावित्र्याची हाक फादर-सिस्टरांइतकीच प्रापंचिकांनाही आहे असं सांगून साठ वर्षं झाली. पण नाताळच्या जेवणाला फादरांसाठी वेगळी खुर्ची आणि आम्ही पंगतीत, हे आहे तसंच आहे. याची मला चीड येते आणि ती खुर्ची मांडायला मीच पुढे असतो.

फादर किंवा सिस्टर व्हायला लावणाऱ्या ओढीला आमच्यात पाचारण म्हणतात. देवाने हाक मारणं. "मला ते आलंच नाही," मी म्हणालो.

आजी तंबाखू मळत होत्या. "बोलावणं आल्याबिगर वारी घडती व्हय? आलास की हितं." मग सावतोबांचं सुरू झालं. अरण त्यांच्या गावापासून जवळच. सावता माळी पंढरीला गेले नाहीत, मळा सोडून कुठं जायचं? तर देवच मळ्यात आला, अशी तिकडची कथा. "त्यास्नी दोन लेकरं व्हती," आजींनी मला बोटं दाखवून सांगितलं. "आन् बायको बी."

सिस्टर काही बोलल्या नाहीत. जपमाळ हातात होती, ती तशीच.

वाखरीला दुपारी त्या कुणाचा तरी अंगठा बांधत असताना त्यांचा फोन वाजला. कानाला खांदा लावून ऐकलं. "हो मदर. हो. पंधरा तारखेला. हो." फोन ठेवला आणि पट्टीचं उरलेलं टोक नीट चिकटवलं. बदली झाली होती, मराठी न बोलणाऱ्या मुलखात.

"तुला इचारलं बी न्हाई?" आजी चिडल्या.

"विचारतात कधीकधी," सिस्टर म्हणाल्या. पुढच्या माणसाला बसायला सांगितलं, पण कात्री हातात असूनही डब्यात शोधत राहिल्या. मी त्यांचा हात दाखवला, तेव्हा लक्षात आलं. पंढरपुरात शिरताना आजींनी डोक्यावरची तुळस क्षणभर त्यांच्या हातात दिली. पुढच्या वर्षी ये म्हणाल्या नाहीत.

रविवारी सोलापुरात मराठी मिस्सा, बायबलचं पहिलं वाचन माझ्याकडे. बुटात पाय जाईना. धाकटी म्हणाली, "पप्पा, स्लीपर घालून वेदीवर?" टाचेवर सिस्टरांची पट्टी होती, कडा मळून काळ्या झालेल्या. स्लीपर फटफटवत वर गेलो, चष्मा लावला आणि पान शोधलं.