दूध-बिलाचं फंक्शन: गुंतागुंत ४७ वरून ८ वर

कर्नाटकच्या सीमेवरच्या निपाणी-चिकोडी पट्ट्यातल्या दूध संस्थांचं दहा दिवसांचं बिल काढणारं हे पोस्टग्रेस या डेटाबेसमधलं फंक्शन. गाय-म्हैस, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक), पशुखाद्याची कपात, ॲडव्हान्स, पावती मराठीत की कन्नडमध्ये, सगळं एकाच पोटात. दर बदलला की आणखी एक इफ, म्हणजे ‘असं असेल तर’ची अट.

आधी मोजणी. मॅकेबची सायक्लोमॅटिक गुंतागुंत (१९७६), म्हणजे कोडात वाटा किती फुटतात त्याची मोजणी, सरळ आहे: सुरुवात १ पासून, मग प्रत्येक इफ, एल्सइफ, व्हेन, लूप आणि अटीतल्या प्रत्येक अँड-ऑरला १. एल्सला काही नाही. फंक्शनचा मजकूर पोस्टग्रेसच्या पीजी_प्रॉक कॅटलॉगमध्ये असतो आणि पोस्टग्रेस १५ पासून शब्द मोजणारं रेगेक्सप_काउंट मिळतं, त्यामुळे सगळ्या फंक्शन्सची यादी एका क्वेरीत निघते. पण पहिला आकडा फुगलेला येतो. ‘एंड इफ’मधला इफ, एल्सइफच्या पोटातला इफ, बिटवीनमधला अँड आणि कॉमेंटमधले शब्द हे सगळे वजा करावे लागतात. क्वेरीत ओळी निवडणाऱ्या व्हेअरमधला अँड मी धरला नाही. तो वाट फोडत नाही, ओळी गाळतो.

हाती आले ४६ निर्णय, म्हणजे गुंतागुंत ४७. मॅकेबची मर्यादा १० होती. एका आकड्यावर मात्र थांबू नये. ओळीने तीन इफ आणि एकात एक तीन इफ, दोन्हींची सायक्लोमॅटिक भर ३ च. एकात एक अटींना जास्त गुण देणाऱ्या कॉग्निटिव्ह पद्धतीत मात्र दुसऱ्याची १+२+३ म्हणजे ६ होते. वाचणाऱ्याचं डोकं दुखतं ते या दुसऱ्यामुळे.

४६ ची फोड केल्यावर चित्र उघडं पडलं: दराचे २४, पावतीच्या भाषेचे ८, कपातीचे ९, किरकोळ ५. म्हणजे २४ आणि ८ हे मुळात तर्क नव्हतेच. तो डेटा होता, इफच्या वेषात.

हात लावण्याआधी जुनं फंक्शन दुसऱ्या नावाने ठेवलं आणि बदलांनंतर बंद झालेल्या बिल-कालावधींवर जुनं-नवं दोन्ही चालवून एक्सेप्ट ऑलने (एकात आहेत पण दुसऱ्यात नाहीत अशा ओळी दाखवणारं) ताडलं, दोन्ही दिशांनी. एकाच दिशेने ताडलं तर नव्यात आलेल्या जादा ओळी दिसत नाहीत, आणि नुसतं एक्सेप्ट दुबार ओळी गिळतं.

मग दराचा तक्ता: दूध संघ, जनावर, फॅट, एसएनएफ, लागू कालावधी, दर. दराचा पाया म्हशीचा फॅट ६.० आणि एसएनएफ ९.०, गाईचा ३.५ आणि ८.५. संघाचा रकाना इथे हवाच, कारण सीमेवर शेजारच्या दोन गावांचं दूध दोन राज्यांतल्या संघांना जाऊ शकतं. कर्नाटक सरकारचं लिटरमागे मिळणारं प्रोत्साहनही म्हणूनच दरात न मिसळता वेगळं ठेवलं.

पहिल्याच ताडणीत गंमत झाली. फॅट ६.० किंवा ६.५ लागलेल्यांना दर मिळाला, ६.१ वाल्यांच्या ओळीच गायब. संकलनाच्या टेबलात फॅट ‘रिअल’ (बायनरीत, अंदाजे साठवणाऱ्या) प्रकारात होती आणि तक्त्यात ‘न्यूमेरिक’ (दशांशात, नेमक्या). ६.५ बायनरीत नेमकं बसतं, ६.१ बसत नाही, त्यामुळे बरोबरीची अट फसते. जुन्या कोडात ‘पेक्षा जास्त’च्या पायऱ्या असल्याने हे कधी दिसलंच नव्हतं. एक दशांशी न्यूमेरिक केल्यावर जुळलं.

ओळ गायब होणं इनर जॉइनमुळे, दोन टेबलं जोडताना तो न जुळलेल्या ओळी टाकून देतो. लेफ्ट जॉइन करून त्या ओळी राखल्या आणि दर नल (रिकामा) आला तर एक्सेप्शन फेकायला, म्हणजे चूक दाखवून थांबायला लावलं. पावतीच्या शब्दालाही तेच. बिल अडलेलं परवडतं, सभासदाचं दूध गुपचूप गळलेलं नाही.

उलटा प्रकारही घडतो: दोन दरांच्या तारखा एका दिवसाने एकमेकींवर चढल्या की त्या दिवसाचं दूध दुप्पट. इफ जाऊन तक्ता आला म्हणजे चूक करण्याची जागा बदलली, एवढंच. म्हणून डेटरेंजवर (तारखांच्या पट्ट्यावर) एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट घातला, तो एकमेकींवर चढणाऱ्या ओळी घेतच नाही. त्याला बीट्री_जिस्ट हे पोस्टग्रेसचं जोड-एक्स्टेन्शन लागतं. शेवटची तारीख रेंजच्या बाहेर धरायची, नाहीतर एकाचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात भांडतात.

पैशांचा फरक उरला तो राउंडचा. न्यूमेरिकचा २.५ राउंड होऊन ३ होतो, डबल प्रिसिजनचा (रिअलसारखाच बायनरी प्रकार) बहुतेक ठिकाणी २.

भाषेचे ८ इफ शब्दांच्या टेबलात गेले: किल्ली, भाषा, मजकूर. टेबलातला एखादा जुना रकाना काढताना पोस्टग्रेसच्या भरवशावर राहू नये. पीएल/पीजीएसक्यूएल (पोस्टग्रेसची फंक्शन लिहिण्याची भाषा) फंक्शनच्या आत वापरलेलं टेबल, कोण कोणावर अवलंबून याची नोंद ठेवणाऱ्या पीजी_डिपेंडमध्ये नोंदलं जात नाही, व्ह्यूत (साठवलेल्या क्वेरीत) वापरलेलं जातं. पीएलपीजीएसक्यूएल_चेक हे तपासणीचं एक्स्टेन्शन चालवलं की असे तुटलेले धागे सापडतात.

मुख्य फंक्शनमध्ये किरकोळ ५, नव्या तपासण्या २ आणि मूळचा १, असे ८ राहिले. कपातीचं वेगळं फंक्शन १० वर आहे आणि तिथेच ठेवलंय. आधी पशुखाद्य, मग ॲडव्हान्सचा हप्ता, आणि बिल शून्याखाली जायला लागलं की उरलेलं पुढच्या दहा दिवसांवर: हा क्रमच तिथला नियम आहे, तो तक्त्यात कोंबला तर फक्त दिसेनासा होईल.