भोक पाडलं की नायट्रोजन गेला

अमेरिकेच्या पेटंट ऑफिसात क्लेम (शोधातलं नेमकं काय आपलं, हे सांगणारी अर्जातली वाक्यं) दोनदा फेटाळले गेले की अपिलात जाता येतं. आमचा क्लायंट तोवर वैतागला होता. "क्लेम आखडते घ्या आणि सोडवा एकदाचं," हा त्याचा धोशा.

शोध तसा साधा. उघड्यावर बसवायची विजेची पेटी, तिच्या तळाला पडदा लावलेलं छिद्र. आतली वाफ बाहेर जावी, पाणी मात्र आत येऊ नये. एक्झामिनरने, म्हणजे अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्याने, दोन जुनी पेटंटं जोडली होती: एकात आमच्यासारखीच पेटी, दुसऱ्यात तसाच पडदा. हा मेळ कुणाही जाणकाराला सुचला असता, म्हणून कलम 103 खाली क्लेम बाद. तिथल्या सुप्रीम कोर्टाच्या 2007 च्या केएसआर निकालापासून "अशी जोडणी करा, असं कुठे लिहिलंय?" एवढं विचारून भागत नाही.

आकृत्या शेजारी ठेवल्या तर एक्झामिनरचंच खरं वाटावं. मजकूर वेगळंच सांगत होता. पहिली पेटी नायट्रोजन भरून हवाबंद केलेली. दमट हवा आत शिरूच नये म्हणून झाकणाला दुहेरी सील. तिला भोक पाडलं की नायट्रोजन गेला, आणि सीलचा खटाटोपही फुकट.

आम्ही अपिलात गेलो. ब्रीफमध्ये, म्हणजे लेखी युक्तिवादात, एवढाच मुद्दा ठेवला. सहकाऱ्याने आणखी बरेच लिहिले होते, ते खोडले. दुबळे मुद्दे चांगल्यालाही खाली ओढतात, असं माझं मत. आधाराला 1984 चा गॉर्डन निकाल. त्यात पेट्रोल गाळायचं जुनं यंत्र उलटं केलं की रक्ताची गाळणी होते, असा पेटंट ऑफिसचा दावा होता. कोर्ट म्हणालं, उलटं केल्यावर ते पेट्रोल गाळण्याच्या कामाचंच राहत नाही.

एक्झामिनरचं उत्तर आलं: पडद्यातून वायू सावकाशच जातो, पेटी चालेल. (किती सावकाश, ते दोन्ही पेटंटांत कुठेच नाही.)

सुनावणीला तीन न्यायाधीश. त्यातल्या एकांनी मध्येच अडवलं, "पडदा वायू जाऊ देतो, हे तुमच्याच क्लेममध्ये आहे ना?"

"हो. म्हणूनच तो त्या पेटीला चालत नाही."

त्यांनी पहिल्या पेटंटचा सीलचा परिच्छेद कोणत्या स्तंभात आहे ते विचारलं, टिपून घेतलं आणि पुढे गेले.

निकालात पेटीचे क्लेम आमच्या बाजूने लागले. पडदा चिकटवण्याच्या पद्धतीचा क्लेम मात्र गेला. तो एकट्या दुसऱ्या पेटंटवरूनच फेटाळला होता आणि तिथे नायट्रोजनचा संबंधच नव्हता. क्लायंटने तो सोडून दिला.