हुकमाबाहेरचे छप्पन्न

टॅरोचा डेक, म्हणजे भविष्य बघायला वापरतात तो चित्रपत्त्यांचा गठ्ठा, घ्यायचा म्हटलं की डब्यावर तेच ते चेहरे भेटतात. चंद्र, सूर्य, प्रेमी युगुल, फार तर घोड्यावर बसलेला सांगाडा. नमुना म्हणून दाखवलेली सात-आठ चित्रंही याच गोतावळ्यातली. चित्रकाराने जीव ओतलेला असतो तो इथे आणि गिऱ्हाईक भुलतं तेही इथेच. पण डेकमध्ये पत्ते असतात 78, आणि ही बडी मंडळी, म्हणजे मेजर आर्काना, त्यातली फक्त 22. उरलेल्या 56 मायनर पत्त्यांकडे घेताना कुणी ढुंकून बघत नाही. मग पहिल्याच आठवड्यात कुरकुर सुरू होते, की हा डेक माझ्याशी बोलतच नाही. बोलेल कसा? रोजचं बोलणं ज्यांच्याकडे आहे, त्यांना कुणी पाहिलेलंच नसतं.

या बडेजावाचं मूळ खेळात आहे. टॅरो जन्मला पंधराव्या शतकात, उत्तर इटलीत, आणि निव्वळ पत्त्यांचा डाव म्हणून. काठ्या, पेले, तलवारी आणि नाणी अशा चार रंगांचा कॅट आधीपासून होताच. त्यात 21 चित्रपत्ते कायमचे हुकूम म्हणून घातले गेले आणि वर एक मूर्ख. बाकीच्या डावांत हुकूम ठरवावा लागतो, इथे तो छापूनच आला. मूर्खाची गंमत वेगळी. तो टाकला की त्या हातापुरती रंगाचं पान देण्यातून सुटका. फ्रान्समध्ये हा डाव आजही खेळतात. भविष्य आणि गूढविद्येशी टॅरोची घट्ट गाठ पडली ती तीनशेहून जास्त वर्षांनी. 1781 साली कूर द जेबलँ या फ्रेंच लेखकाने जाहीर केलं, की हे पत्ते म्हणजे प्राचीन इजिप्तचं गुप्त ज्ञान. तेव्हा इजिप्तची चित्रलिपी जगात कुणालाच वाचता येत नव्हती, त्यामुळे त्याचं म्हणणं खोडायलाही कुणी नव्हतं. ही कथा अजून पुष्कळ पुस्तिकांच्या पहिल्या पानावर असते. करमणूक म्हणून वाचावी आणि पुढे जावं.

बाजारात डेक शेकड्यांनी असले तरी बहुतेकांची घराणी तीनच. पहिलं मार्सेय, जुनं फ्रेंच वळण. या घराण्यात तलवारींची पंजी म्हणजे पाच तलवारी आणि भोवती वेलबुट्टी, बस्स. माणूस नाही, प्रसंग नाही. इथे सगळा भार रंग आणि आकडा यांवर. दुसरं थॉथ. गूढविद्येचा इंग्रज अभ्यासक अलिस्टर क्रोली आणि चित्रकार लेडी फ्रीडा हॅरिस यांनी 1938 ते 1943 या काळात केलेलं काम, डेक म्हणून लोकांच्या हाती आलं 1969 मध्ये, दोघंही गेल्यावर. चित्रं विलक्षण, पण त्यात राजा नाही. राजघराण्यात, म्हणजे दर रंगातल्या आकड्यांऐवजी व्यक्ती असलेल्या चार पत्त्यांत, नाइट, क्वीन, प्रिन्स आणि प्रिन्सेस. पहिलाच डेक म्हणून हा घेतला आणि पुस्तक भलत्याच घराण्याचं समोर ठेवलं, की गोंधळ ठरलेला.

तिसरं घराणं 1909 चं, लंडनमध्ये रायडर कंपनीने काढलेलं. कल्पना आर्थर वेटची, चित्रं पामेला कोलमन स्मिथची. तिने मायनरच्या प्रत्येक पानावर प्रसंग रंगवला. पंधराव्या शतकाच्या अखेरीस सोला बुस्का नावाच्या इटालियन डेकमध्ये असा प्रयोग झाला होता, पण तो तिथेच राहिला. पामेलाचा मात्र रुळला. मोठं काम, पैसे अगदी थोडे, असं तिने स्वतः पत्रात लिहून ठेवलं आहे. डेकच्या प्रचलित नावात रायडर आला, वेट आला, ती कित्येक वर्षं आलीच नाही. तिची सही मात्र प्रत्येक पानाच्या खालच्या भागात आहे, वळणदार, सापासारखी. पहिला डेक घ्यायचा तर याच घराण्यातला घ्यावा, हे माझं स्पष्ट मत. कारण साधं आहे: शिकण्याची बहुतेक पुस्तकं याच चित्रांना धरून लिहिलेली असतात.

पण 'याच घराण्यातला' एवढ्याने भागत नाही. मूळ चित्रांवरून बेतलेले नवे डेक उदंड आहेत आणि फसगत त्यांतच होते. चित्रकार 22 पत्त्यांवर वर्ष घालवतो आणि मायनरपाशी येईपर्यंत दम संपतो. मग काठ्यांच्या सत्तीवर सात काठ्या आणि एक मांजर. अठ्ठीवर आठ काठ्या, मांजर तेच. म्हणून डेक पारखताना डब्यावरचे पत्ते सोडून चार साधी पानं शोधावीत: पेल्यांची पंजी, तलवारींची अठ्ठी, काठ्यांची दश्शी, नाण्यांची चौकी. सोबत चारही नाइट. पुस्तिका न उघडता चित्रात काय चाललंय ते एका वाक्यात सांगता आलं, तर डेक कामाचा. चारांपैकी तीन पानांवर नुसती मोजदाद करावी लागली, तर तो भिंतीवर छान दिसेल.

पामेलाच्या तलवारींच्या अठ्ठीवर एक बाई आहे, डोळ्यांवर पट्टी, अंगाभोवती दोरखंड, मागे-बाजूला आठ तलवारी रोवलेल्या. पहिल्या नजरेला कैद दिसते. जरा थांबून बघितलं तर पाय मोकळे आहेत, दोर सैल आहे, समोर एकही तलवार नाही आणि पहारेकरी कुठेच नाही. पानाचा अर्थ या मोकळ्या जागेत आहे. नव्या चित्रकाराने देखणेपणासाठी तलवारी गोलाकार मांडून बाईला पुरतं कोंडलं, तर तो अर्थच मेला. असंच पेल्यांच्या पंजीचं. काळा झगा घातलेला माणूस तीन सांडलेल्या पेल्यांकडे बघतोय आणि पाठीशी दोन उभे आहेत. ते दोन पेले मागे नसून बाजूला काढले, तर त्याला ते दिसत नाहीत ही गोष्टच उरत नाही.

आता हाताचं बघू. टॅरोचा नेहमीचा पत्ता साधारण 70 बाय 120 मिलिमीटर. खेळायच्या पत्त्यापेक्षा हा चांगलाच लांब, आणि 78 पानांचा गठ्ठा लहान हातात मावत नाही. तसं असेल तर लहान आकार बघावा, पण खिशात मावणारी अगदी चिमुकली आवृत्ती नको. तिच्यात बारकावे दिसत नाहीत आणि बारकावे हाच इथला माल. कागद 300 ते 350 जीएसएम (चौरस मीटरला इतके ग्रॅम) असला की पुरे. त्याहून जाड घेतला तर भारी वाटतो, पण पिसताना वाकत नाही आणि कडेचे थर सुटू लागतात. चकचकीत लॅमिनेशन दिव्याखाली डोळ्यांवर येतं आणि पानं एकमेकांना चिकटतात, मॅट बरं. सोनेरी कडांचा मोह सगळ्यांनाच होतो. नव्या डेकच्या त्या कडा एकमेकींना घट्ट धरून बसलेल्या असतात, एकेक पान हलक्या हाताने सोडवावं लागतं आणि काही दिवस बोटांना सोनं लागत राहतं. नकली डेकही पुष्कळ फिरतात. पुस्तिकेच्या जागी नुसता क्यूआर कोड, डब्यावर चित्रकाराचं नाव नाही, बारीक रेघा पुसटलेल्या आणि किंमत संशय यावा इतकी कमी, यातल्या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की हात आवरावा. पहिला डेक कुणीतरी भेटच द्यायला हवा, ही समजूत मात्र खुशाल सोडून द्यावी.

डबा उघडल्यावर आधी पानं मोजावीत. पुष्कळदा 80 निघतात. जादा दोन म्हणजे जाहिरात, कोरं पान किंवा चित्रकाराचा परिचय. ती काढून ठेवली नाहीत तर नेमकी पहिल्याच मांडणीत, म्हणजे अर्थ लावायला पानं काढून मांडली की, हजर होतात. मग 8 आणि 11 हे क्रमांक बघावेत. मार्सेयमध्ये 8 म्हणजे न्याय आणि 11 म्हणजे शक्ती. वेटने त्यांची अदलाबदल केली. डेक एका पद्धतीचा आणि पुस्तक दुसऱ्या, असं झालं की शिकणारा स्वतःच्या डोळ्यांवर शंका घेत बसतो.

नवा डेक क्रमाने लावलेला येतो, त्यामुळे पिसण्यात कंजूषी चालत नाही. 52 पत्त्यांचा कॅट दोन भाग करून कडा एकमेकींत मिसळत पिसला, तर नीट विस्कटायला साधारण सात फेऱ्या लागतात, असा 1992 मधला गणितज्ञांचा निष्कर्ष आहे. इथे पानं दीडपट, म्हणून आणखी एखाद-दोन फेऱ्या धराव्यात. पण अशाने मोठे पत्ते कमानीसारखे वाकतात. त्यापेक्षा टेबलावर कापड घालून सगळी पानं पालथी पसरावीत आणि दोन्ही तळव्यांनी मिनिट-दोन मिनिटं घोळवावीत. दिसायला पोरखेळ, पण काम चोख. यात पानं आपोआप उलटसुलटही होतात. उलट पडलेल्या पत्त्याचा अर्थ लावायचा नसेल, आणि सुरुवातीचे दोन-तीन महिने तो लावू नयेच, तर नंतर सगळी एका दिशेने लावून घ्यावीत. पुढे उलट पानं वाचायची झाली, तर पाठीची नक्षी वरून-खालून सारखी असलेला डेक लागतो, नाहीतर पान उचलण्याआधीच गुपित फुटतं. आणि पत्ता उघडायचा तो पुस्तकाचं पान उलटावं तसा, आडवा. खालून वर उलटला की सरळ असलेलं पान आपल्याच हाताने उलटं होतं. या एका सवयीपायी कित्येक जणांच्या मांडणीत निम्म्याहून जास्त पानं डोक्यावर उभी असतात.

अर्थ पाठ करण्याचा नाद सुरुवातीलाच सोडावा. 78 अर्थ घोकण्यापेक्षा चार रंग, दहा आकडे आणि राजघराण्यातले चौघे (पेज, नाइट, क्वीन, किंग) समजून घेतले की 56 पानांचा सांगाडा उभा राहतो. काठ्या म्हणजे उमेद आणि काम, पेले म्हणजे भावना, तलवारी म्हणजे विचार आणि वाद, नाणी म्हणजे पैसा, शरीर, घर. चारही पंज्या शेजारी ठेवून बघाव्यात. काठ्यांमध्ये पाच पोरं एकमेकांवर काठ्या उगारतात, पेल्यांमध्ये सांडलवंड, तलवारींमध्ये एक जण शस्त्रं गोळा करत कुत्सित हसतोय आणि दोघे पाठमोरे चाललेत, नाण्यांमध्ये बर्फातून दोन फाटके लोक उजळलेल्या खिडकीखालून जाताहेत. पाच आला की बसलेली घडी मोडते. कुठली घडी ते रंग सांगतो. चार हा स्थैर्याचा आकडा, पण काठ्यांत तो सोहळा, तलवारींत विश्रांती, पेल्यांत कंटाळा आणि नाण्यांत मुठी आवळून बसलेला माणूस. सूत्र इथपर्यंत आणून सोडतं, पुढचं चित्राला विचारायचं.

राजघराणं सगळ्यांना नडतं. हा कुणी माणूस समजायचा, वागण्याची तऱ्हा की नुसती बातमी? मांडणीत बाकीची पानं काय म्हणताहेत त्यावर ते ठरतं. नाइटच्या बाबतीत एक सोपी खूण आहे, स्वाराआधी घोडा बघायचा. तलवारींचा चौखूर उधळलेला, काठ्यांचा मागच्या पायांवर उभा, पेल्यांचा संथ चालणारा. नाण्यांचा चक्क उभा आहे. एकाच प्रश्नाला ही चार उत्तरं किती वेगळी पडतात!

मृत्यूचं पान आलं की भल्याभल्यांचा चेहरा उतरतो. दहा पानांच्या मांडणीत कुठलंही ठरावीक पान येण्याची शक्यता 78 मध्ये 10, म्हणजे जवळपास आठातून एकदा. दर रविवारी मांडणी केली तर वर्षाकाठी सहा-सात वेळा हा स्वार यायचाच. ते पान बदलाचं, जुनं संपण्याचं. मेजर पत्त्यांचंही तसंच. तीन पानं काढली तर त्यांत निदान एक मेजर असण्याची शक्यता 64 टक्क्यांच्या आसपास आहे. 'मोठं पान आलं, म्हणजे काहीतरी मोठं घडणार' असं म्हणणाऱ्याने हा हिशेब करून बघावा. दहा पानांत सरासरी तीनच्या जरा खाली मेजर येतात. सहा आले तर भुवई उंचवावी.

उद्या काय घडेल हे पत्ते सांगतात याला पुरावा नाही. म्हणून 'होईल का?' हा प्रश्न इथे फुकट जातो. 'यात माझ्या नजरेतून काय सुटतंय?' असं विचारलं की त्याच पानापाशी विचार करायला जागा मिळते. रोज एक पान, पुस्तिका मिटलेली, दोन मिनिटं नुसतं बघणं, मग तीन ओळी वहीत, आणि त्यानंतर छापील अर्थ, हा क्रम मोडू नये. एका पानाने समाधान झालं नाही म्हणून खुलाशाला दुसरं, त्याच्या खुलाशाला तिसरं काढत गेलं, की मनाजोगतं पान येईपर्यंत माणूस थांबत नाही.

दोनेक महिन्यांनी वही चाळावी. काही पानांखाली स्वतःचे शब्द असतील, काहींखाली फक्त पुस्तिकेचे. ती दुसरी पानं वेगळी काढावीत आणि 1909 च्या चित्रांशेजारी ठेवून बघावीत. एखाददुसरं असेल तर अजून बघणं बाकी आहे. पंधरा-वीस निघाली, आणि त्यांत सगळ्या सत्त्या-अठ्ठ्याच असल्या, तर दोष चित्रकाराचा आणि डेक बदलायला हरकत नाही.