ओली दाढ, वाळलेली दाढ

"मॅडम, हिला फक्त फ्लोराईड लावून द्या. शाळेत लावलं होतं त्याला सहा महिने झाले," असं म्हणत आईने शिबिराचं कार्ड पुढे केलं. त्यावरचं अक्षर माझंच होतं: 'वार्निश लावले. सहा महिन्यांनी पुन्हा.' वार्निश म्हणजे दातांवर लावायचा फ्लोराईडचा लेप.

मुलगी सहा वर्षांची, पहिलीतली. वरच्या पुढच्या दातांवर हिरडीलगत खडूसारखे पांढुरके डाग होते, पण खड्डा कुठेच नव्हता. असे डाग फ्लोराईडने सावरतात. दातातून निघून गेलेले क्षार परत भरून यायचे तर वरचा थर टिकलेला असावा लागतो, आणि इथे तो टिकला होता. वार्निशची डबी मी हातात घेतलीसुद्धा.

मग खालच्या दाढांकडे लक्ष गेलं. उजवीकडच्या लख्ख होत्या, डावीकडच्यांवर पिवळट साय साचलेली.

"ही एकाच बाजूने चावते का हो?"

"नाही, नीट जेवते की," आई म्हणाली. मागे उभ्या असलेल्या आजी मात्र म्हणाल्या, "भाकरी उजव्या गालातच फिरवती. डावीकडं घास गेला की बोट घालून काढती." रात्री दुखून उठते का, याला दोघींनीही नाही म्हटलं.

साय पुसून काढली, गालात कापसाचा बोळा ठेवला आणि हवेची पिचकारी डावीकडच्या मागच्या दाढेवर पाच सेकंद धरली. ओली असताना खाचेत नुसती तपकिरी रेघ दिसत होती. वाळल्यावर पुढच्या दाढेला टेकलेल्या कडेखाली करडी-निळसर सावली उमटली. वरचं छप्पर उभं आणि त्याखालचा दाताचा थर, डेंटिन, पोखरलेला असला की अशी सावली दिसते. टोकदार प्रोबने टोचून बघायचा मोह मी टाळला. एक्स-रेमध्ये दोन दाढांच्या मधून शिरलेली काळी पोकळी नसेच्या अगदी जवळ पोचली होती. मुळांमधलं हाड मात्र चांगलं होतं.

अशा दाढेवर वार्निशचा कितीही जाड थर दिला तरी तो बाहेरच राहतो. आत जंतू सुखाने नांदतात, आणि घरच्यांना वाटतं, उपचार झाला.

शिबिरात हवेची सोय नव्हती, उजेड खिडकीचा, आणि एका सकाळी शंभरावर मुलं. मी दाढा ओल्याच पाहिल्या आणि वार्निश लावून पुढच्या मुलाला बोलावलं. कीड त्या दिवशीही तिथे असणार. आईला मी हे स्पष्ट सांगितलं. त्या जरा गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "पण दुधाचीच आहे ना? पडणारच की."

पडणार, पण दहा-बारा वर्षांची होईपर्यंत नाही. या दाढेच्या मागून सहाव्या वर्षी येणारी कायमची दाढ हिरडीतून डोकावत होती. ही दुधाची दाढ लवकर काढावी लागली तर मागची कायमची दाढ पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या दाताची जागा अडवते. आरसा धरून मी दोघींना ते टोक दाखवलं. आजी म्हणाल्या, "मग वाचवा."

त्याच दिवशी भूल देऊन कीड काढली. नस उघडी पडलीच. वरच्या भागातली नस काढली, ओला कापूस दाबून धरला आणि घड्याळाकडे बघत राहिले. तीन-चार मिनिटांत रक्त थांबलं, म्हणजे मुळातली नस अजून धड होती. ते थांबलं नसतं तर मुळांपर्यंत साफ करावं लागलं असतं. मग औषध भरलं, स्टीलची कॅप बसवली. पुढच्या दातांवरच्या डागांना वार्निश लावलं ते सगळ्यात शेवटी.

संध्याकाळी शाळेच्या मुख्याध्यापकांना फोन करून पहिलीची यादी परत मागितली. शनिवारी डोक्याला लावायचा दिवा, कापसाचे बोळे आणि हवा मारायला हाताने दाबायचा रबरी फुगा घेऊन गेले. सकाळभरात सव्वीसच मुलं झाली. त्यांतल्या चौघांच्या कार्डावरचं 'वार्निश' खोडून मी 'एक्स-रे' लिहिलं.