अडीच मिलिमीटरच्या खाली

पुण्यात जितका पाऊस पडतो त्याहून जास्त पुण्याच्या कवितांमध्ये पडतो. हा टोमणा नाही, हिशेब आहे. शिवाजीनगरच्या वेधशाळेत वर्षभरात ७०० मिलिमीटरच्या थोडा वर पाऊस जमा होतो. लोणावळ्यात तोच आकडा ४,००० च्या पुढे जातो. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्री चढतानाच हात मोकळे सोडतात आणि मुळशी-पिरंगुट करत चांदणी चौकातून कोथरुडात उतरेपर्यंत त्यांच्यापाशी फारसं काही शिल्लक राहत नाही. तरी जुलै लागला की आमच्या कवितावाचनात धारा कोसळतात, ओढे दुथडी भरून वाहतात, विजा कडाडतात. (जुलैत पुण्यात वीज कडाडली तर लोक काय झालं म्हणून खिडकीत येतात. तिचा खरा हंगाम मे महिन्यात, नाहीतर परतीच्या पावसात.)

हा कवितेतला पाऊस बहुधा आजोळचा असतो. पुण्यात स्थिरावलेल्या कितीतरी घरांची मुळं घाटाखाली आहेत. सुट्टीत अनुभवलेला कोकणातला पाऊस आयुष्यभर पुरतो. ज्यांचं आजोळ कोरडवाहू, त्यांना पाठ्यपुस्तकातल्या कवितांनी पाऊस पुरवला. त्यामुळे खिडकीबाहेर काय चाललंय हे न बघताही पावसाची कविता होते, आणि बरी होते. टाळ्या मिळतात. फक्त ती रत्नागिरीची की पुण्याची, ते कळत नाही.

पुण्याचा जुलै वेगळा. सकाळी गॅलरीत गेलं तर पाऊस आहे की नाही हेच समजत नाही. समोरच्या गच्चीवरच्या काळ्या टाकीवर नजर रोखून धरली की बारीक तिरक्या रेघा दिसू लागतात. मग कळतं, हा रात्रीपासून चालू आहे. छत्री उघडावी तर अवघडल्यासारखं वाटतं, न उघडावी तर नळ स्टॉपला पोचेपर्यंत डोकं ओलं. स्कूटरवाले रेनकोट घालतात, डेक्कनला काढतात, स्वारगेटला पुन्हा घालतात. कोथरुडातून हडपसरला फोन करावा तर तिकडे स्वच्छ ऊन. आणि या सगळ्या भुरभुरीनंतर दिवसअखेर वेधशाळेच्या नोंदीत आकडा येतो १.२, ०.८, कधी नुसतं ‘नगण्य’.

याच आकड्यांच्या नादात मला एक गोष्ट सापडली, आणि तेव्हापासून ती डोक्यातून जात नाही. हवामान खातं पावसाचा दिवस कशाला म्हणतं? ज्या दिवशी किमान २.५ मिलिमीटर पाऊस झाला त्याला. त्याच्या खाली जे काही पडलं ते पडलं, पण तो पावसाचा दिवस धरला जात नाही. म्हणजे पुणेकर ज्या दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंत ‘काय हा पाऊस’ म्हणत कपाळाला हात लावून बसतो, त्यातले कितीतरी दिवस दफ्तरी पावसाचे दिवसच नाहीत.

माझं म्हणणं एवढंच, की अडीच मिलिमीटरच्या वरचा पाऊस खात्याने ठेवावा. खालचा कवींचा.

तसं या खात्याशी पुणेकर कवींचं नातं जवळचं असायला हवं होतं. शिमला ऑफिस हा आमच्याकडे पत्ता सांगायचा चौक आहे. १९२८ साली हवामान खात्याचं मुख्यालय शिमल्याहून इथे आलं, पुढे ते दिल्लीला गेलं, नाव मात्र आम्ही सोडलं नाही. तिथे रोज सकाळी साडेआठला आदल्या २४ तासांचा पाऊस मोजतात. त्यांची भाषा रुक्ष म्हणून लोक हसतात, ‘तुरळक ठिकाणी हलक्या ते मध्यम पावसाची शक्यता’ वगैरे. पण त्यातल्या ‘तुरळक’लाही माप आहे: पंचवीस टक्क्यांपर्यंतच्या केंद्रांवर पाऊस झाला तर तुरळक. आमच्या कवितेतल्या ‘चिंब’ला असं काही माप आहे का? घामाने चिंब, आठवणींनी चिंब, चहाच्या वाफेनेही चिंब. एकदा एका वाचनात मी बाजूला बसल्या बसल्या ‘चिंब’वर खुणा करत होते, नंतर कागद पुरेना म्हणून सोडून दिलं.

मागच्या पावसाळ्यात मात्र आमच्यातल्या एका बाईंनी, गणिताच्या निवृत्त शिक्षिका त्या, एक लहानशी कविता वाचली. गॅलरीतल्या दोरीवर यजमानांची विजार, तीन दिवस वाळत घातलेली, शेवटी इस्त्री फिरवून वाळवली तेव्हा उठलेला तो आंबट वास. संपली. वा म्हणावं की नाही, कुणाला कळेना. पुढच्या रांगेतल्या काकांनी विचारलं, “छान आहे, पण यात निसर्ग कुठे आहे?”

“विजारीत,” बाई म्हणाल्या, “तीन दिवस.”

मला ती त्या संध्याकाळची सर्वांत चांगली पाऊसकविता वाटली, आणि अजूनही वाटते. तिच्यात ढग नव्हता, मोर नव्हता, मातीचा सुगंध नव्हता. पण हवेतला दमटपणा किती टक्के होता ते अंगाला कळत होतं.

वृत्ताचंही असंच आहे. कालिदासाच्या ‘मेघदूता’त यक्षाने आषाढाच्या पहिल्या दिवशी मेघाला साकडं घातलं ते मंदाक्रांतेत, तेव्हापासून मंदाक्रांता म्हणजे पावसाळा असं समीकरण बसलं. सतरा अक्षरं: आधी चार गुरू म्हणजे लांब अक्षरं, मग पाच लघू म्हणजे आखूड नि एक गुरू, मग उरलेली सात हेलकावे खात. मी पुण्याच्या आकाशाखाली हे वृत्त म्हणून बघते तेव्हा मला ते आषाढाचं वाटतच नाही. ते वळवाचं आहे. वैशाखातली दुपार, चार वाजताहेत, पूर्वेकडे ढगावर ढग रचला जातोय. हे चार गुरू. वारा सुटतो, धुळीने डोळे भरतात, आणि टप टप टप टप टप, पत्र्यावर पाच टपोरे थेंब, हे लघू. पुढचं सगळं गारा, पळापळ, मोडलेल्या फांद्या आणि गेलेली वीज. जुलैच्या भुरभुरीला मंदाक्रांता घालायची म्हणजे पाच वर्षांच्या मुलाला आजोबांचा कोट. तिला ओवी बरी. तीन चरण चालत जायचं आणि चौथ्याला मध्येच थांबायचं. पुण्याचा पाऊस असाच तर थांबतो.

आणखी एक गंमत आहे, ती छापील कॅलेंडरची. पावसाळी विशेषांकाच्या कविता मागवतात मे महिन्यात. दिवाळी अंकासाठी शरद, चांदणं, धुकं वगैरे हवं असतं ते जून-जुलैत. म्हणजे आम्ही पंख्याखाली घाम पुसत ओलंचिंब लिहितो आणि ओल्या पायपुसण्यावर उभं राहून कोजागिरी. याला काही जण ढोंग म्हणतील. मला तसं वाटत नाही. पावसावर लिहायला मे महिन्याइतका चांगला महिना नाही, कारण तेव्हा तो नसतो. प्रत्यक्ष पावसाळ्यात गळक्या छताखाली बादली सरकवताना कुणाला प्रतिमा सुचणार? फक्त मे महिन्यात लिहायचं तर मागच्या जुलैत नीट बघून ठेवलेलं असायला हवं. तिथे बहुतेकांची वही कोरी असते. २०२५ साली तर पावसाने सगळ्यांचीच पंचाईत केली. एरवी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात यायचा तो मान्सून २६ मे रोजीच पुण्यात हजर. आमच्यातल्या एकाची ‘ये रे घना’ या थाटाची आर्जवी कविता तयार होती. ती वाचायच्या आत घन येऊन बसला.

पाऊस सोडून इतर ऋतूंकडे मराठी कवी तसं कमीच बघतात. कालिदासाच्या नावावर असलेल्या ‘ऋतुसंहारा’ची सुरुवात ग्रीष्माने होते, पण आमच्या कवितेत ग्रीष्म ही पावसाची वेटिंग रूम. शिशिराचं तर त्याहून वाईट. पानगळ म्हटलं की उदास व्हायचंच, उघड्या फांद्यांकडे बघून म्हातारपण आठवायचंच. पुण्यात फेब्रुवारीत बाहेर पडून बघा. काटेसावर, पळस, पांगारा यांनी पानं टाकलेली असतात ती अक्षरशः फुलं दाखवायला. पिंपळ पानं झाडून मोकळा होतो न होतो तोच तांबूस पालवी येते. शोक करायला मध्ये फटच नाही. आणि टेकडीवर गिरिपुष्प. वेताळ टेकडीवर त्या दिवसांत गेलं तर उतारच्या उतार फिकट गुलाबी. हे झाड मध्य अमेरिकेतलं, टेकड्या हिरव्या दिसाव्यात म्हणून लावलेलं, आणि देशी झाडांची जागा अडवतं म्हणून टेकडीवरच्या जाणकारांना ते मुळीच खपत नाही. त्यांचं बरोबर आहे. पण फुललेलं असताना त्याच्याकडे पाठ करून लिहायचं कसं? गुलमोहर मादागास्करचा, त्याला मराठी कवितेने कधी कागदपत्रं विचारली नाहीत. टेकडीवर झाड कुठलं लावायचं हे जाणकारांनी ठरवावं. वहीत मात्र जे डोळ्यांपुढे आहे ते यावं.

सप्तपर्णीवर अजून कुणी लिहिलेलं आमच्या वाचनात आलं नाही. नवरात्र संपून दिवाळीची खरेदी सुरू होते त्या सुमारास रात्री रस्त्यांवर तो जड, गोडसर वास दाटून राहतो. अर्ध्या सोसायटीला तो आवडतो, उरलेल्या अर्धीचं डोकं दुखतं, आणि झाड तोडावं की नाही यावर सर्वसाधारण सभेत वाद होतो. एखाद्या फुलाने सभेचं इतिवृत्त भरून जावं, याहून कवितेला काय हवं? त्याच दिवसांत बुचाची फुलं पहाटे फुटपाथवर पडलेली असतात. लांब देठाची ती पांढरी फुलं दोऱ्याशिवाय नुसती देठात देठ गुंफून वेणी करायची, हे ज्यांना येतं त्या पिढीने ते एकदा लिहून ठेवावं.

जपानी हायकूत ऋतू सांगणारा एक शब्द असतोच, आणि अशा शब्दांचे त्यांच्याकडे कोश आहेत. शिरीष पै यांनी हायकू मराठीत रुजवला. पण पुढे बहुतेकांनी तीन ओळी तेवढ्या घेतल्या आणि ऋतूचा तो शब्द मागेच ठेवला. पुण्यापुरता असा कोश मी मनातल्या मनात करत असते. पालखीचा मुक्काम: नाना पेठेत, भवानी पेठेत वारकऱ्यांच्या ओल्या छत्र्या, म्हणजे पावसाळ्याचं तोंड. खडकवासल्याचा विसर्ग, म्हणजे पावसाळ्याचा मध्य. सिंहगडावरची सोनकीची फुलं, म्हणजे पाऊस आटोपत आला. चतुःशृंगीची जत्रा: ऊन. सवाई गंधर्व महोत्सवातली शाल: डिसेंबर, आणि दुपारी तीच शाल हातावर घेऊन घाम पुसणं, कारण पहाटे पाषाणला दहाच्या आत असलेला पारा दुपारी तिशीला टेकतो. एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन: जानेवारीची अखेर. करंजाच्या फुलांचा जमिनीवर पडलेला सडा: परीक्षा संपत आल्या. टँकर: वेगळं सांगायला नको.

“टँकर हा काय ऋतू आहे?” असं मला विचारलं गेलं आहे. विचारणाऱ्या बाई पेठेत राहतात. त्यांना चोवीस तास पाणी असतं. आमच्याकडे, सोसायटीच्या फाटकाशी तो निळा पाइप घेऊन उलटा शिरायला लागला की चैत्र आला हे पंचांग न उघडता कळतं.

दुसरा आक्षेप असा, की हे शब्द कवितेत बसत नाहीत, खरखरीत आहेत. हा आक्षेप मी गंभीरपणे घेतला आणि बोटांवर मोजून पाहिलं. दरवर्षी जुलैत धरणातून पाणी सोडलं की येणारी ती बातमी आहे ना: ‘भिडे पूल पाण्याखाली’. भि-डे-पू-ल-पा-ण्या-खा-ली. आठ अक्षरं, एकही इकडेतिकडे नाही, चोख अष्टाक्षरी. तिच्याखाली बारीक टायपात असतं ‘वाहतूक वळविली’. तीही आठ, आणि यमकासकट. वार्ताहराच्या लक्षातही आलं नसेल. दोन चरण असे आयते मिळाले आहेत, विशेषांकाच्या संपादकांना कळवूनही टाकलं आहे. त्यांनी विचारलं आहे की उरलेले दोन पावसावरचे आहेत ना, आणि जमल्यास त्यात एखादा मोर घालता येईल का.